दहाच्या दहा पिशव्या

अंजनीनं खटका ओढून माग बंद केला तेव्हा अजून बाराही वाजले नव्हते, आणि पिशवी गळायची ही त्या दिवसातली दुसरी खेप होती.

गळती आधी वासानं कळत नसे, आगीनं कळे. बेंबीच्या उजव्या अंगाला, पिशवी पोटाला चिकटवायच्या चकतीच्या खालच्या कडेशी, आधी मुंगी चावल्यासारखं व्हायचं. मग त्या जागी निखारा ठेवल्यासारखं. गाऊनवर पिवळट ओल उमटायच्या आत न्हाणीत पळायचं, एवढं तिला सहा महिन्यांत पाठ झालं होतं. ती एका हातानं पोट दाबून धरून पळाली. मागच्या खोलीतनं सासू नागुबाई ओरडली, "परत?"

"व्हय, परत!" अंजनी न्हाणीतनं ओरडली. "हौस आलीया मला!"

बेळगावच्या वडगावातल्या त्या घरात पुढच्या खोलीत दोन पावरलूम होते. एक नवरा यल्लाप्पा चालवी, दुसरा ती. गणपतीच्या आधी तिच्या पोटात अचानक अशी कळ आली की उभ्या उभ्या खाली कोसळली. आतड्याला टीबी झाला होता आणि तिथं भोक पडलं होतं. डॉक्टरांनी ऑपरेशन करून खराब भाग काढला आणि वरच्या आतड्याचं तोंड पोटावर बाहेर काढून ठेवलं. सहा-सात महिने गोळ्या घ्यायच्या, आतलं भरून आलं की तोंड परत आत घालायचं, तोवर पोटाला पिशवी. "थोडेच दिवस," असं डॉक्टर म्हणाले, नर्स म्हणाली, गल्लीतल्या प्रत्येक बाईनं म्हटलं. थोडेच दिवस या शब्दांचा अंजनीला एवढा राग बसला होता, की आता कुणी ते म्हणालं की ती सरळ दुसरीकडं बघायची.

पिशवी असण्याचं तिला फारसं काही वाटेनासं झालं होतं. माणूस सवय करून घेतं. तिला जाळत होती ती गळती. चार दिवस टिकायला पाहिजे ती पिशवी दीड दिवस टिकायची, कधी सकाळची दुपारपर्यंत. आणि गळती म्हणजे काय नुसती घाण नव्हे. पोटातलं ते पातळ पाणी कातडीला खायचं. कातडी सोलवटली की तिथनं लस यायची, लस आली की चकती चिकटायची नाही, चकती चिकटली नाही की परत गळायचं. हे असं गरगरणारं चाक तिच्या पोटावर बसलं होतं आणि ते थांबवायचं कसं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण सल्ला प्रत्येकाकडं होता.

नागुबाईचं म्हणणं, सून ताक पिते म्हणून गळतं. ताक सोडलं. मग म्हणाली, डाळीनं गळतं. डाळ सोडली. मग तिनं सोललेल्या जागेवर खोबरेल तेल लावायचा हट्ट धरला, आणि एकदा अंजनीनं कंटाळून लावून घेतलं. तेलावर चकती अर्धा तासही बसली नाही. बाजारात, भाजीवालीपुढं, सगळी पिशवी घसरून परकरात आली. शेजारच्या शालूबाईनं पोट घट्ट बांधायला सुती पट्टा शिवून दिला. त्यानं पिशवी दबून वरनंच फुटायला लागली. यल्लाप्पानं तर एकदा साड्यांच्या गठ्ठ्याला लावायची ती खाकी चिकटपट्टी आणून चकतीच्या चारी बाजूंनी लावली. गळायचं थांबलं नाही, पण पट्टी काढताना अंजनीच्या डोळ्यांपुढं तारे चमकले.

महिन्याला दवाखान्यात जावं तर डॉक्टर गोळ्यांची चौकशी करत, वजन बघत, वरनं पोटाला हात लावत. "गळतंय," म्हटलं तर म्हणत, "होतं तसं. नीट चिकटवा." नीट चिकटवा! जणू ती आजवर मुद्दाम वाकडी चिकटवत होती.

या सगळ्यात एकच गोष्ट घड्याळासारखी नेमानं चाले, ती यल्लाप्पाची रविवारची कापणी. चकतीच्या मधोमध आतड्याच्या तोंडाएवढं भोक कात्रीनं कापावं लागतं. दवाखान्यातनं घरी सोडताना नर्सनं त्या भोकाचं माप कागदी कार्डावर गोल कापून दिलं होतं. यल्लाप्पानं ते कार्ड दुसऱ्याच दिवशी झेरॉक्सच्या दुकानात नेऊन लॅमिनेशन करून आणलं आणि कपाटात रेशनकार्डाशेजारी ठेवलं. दर रविवारी जेवण झालं की तो हात धुवून, चष्मा लावून बसे. कार्ड चकतीवर ठेवी, बॉलपेननं गोल काढी आणि गोलाला एक सुताचाही फरक न करता कापी. दहा पिशव्या एका दमात. कापलेल्या कडेवरनं बोट फिरवून बघे, कुठं खरखर लागते का. तेवढा वेळ तो कुणाशी बोलत नसे.

फेब्रुवारीत निपाणीहून नणंदेचा फोन आला. मालुबाईच्या लेकीचा, करिष्माचा साखरपुडा ठरला होता, येत्या गुरुवारी. फोन यल्लाप्पाला होता, पण शेवटी मालुबाई म्हणाली, "वैनीला दे जरा." आणि अंजनीला म्हणाली, "वैनी, तू नगं येऊ गं. एवढा दोन तासाचा प्रवास, तुझं ते पिशवीचं. उगच तरास. आमी काय म्हणणार न्हाय."

मालुबाईच्या मनात काही वाईट नव्हतं. पण अंजनीनं फोन ठेवला आणि मागावरचा धोटा काढून टेबलावर आपटला. ज्या पोरीचं पहिलं केस विंचरणं हिच्या मांडीवर झालं, तिच्या साखरपुड्याला हिनं नको यायला, आणि तेही सगळ्यांच्या सोयीसाठी!

"मी जाणार," ती यल्लाप्पाला म्हणाली.

"जाऊया की. कोण नगं म्हणालंय?"

"तुमची भैन म्हणालीय."

यल्लाप्पा परत मागाकडं वळला. रविवारी त्यानं दहाच्या ऐवजी बारा कापायचा विचार बोलून दाखवला, पण घरात दहाच शिल्लक होत्या.

गुरुवारी पहाटे अंजनीनं नवी पिशवी लावली, चहाही घेतला नाही, दोन घास कोरडा भात खाल्ला. मोतिया रंगाची साडी नेसली. निऱ्या पिशवीच्या बाजूला पडू नयेत म्हणून त्या डावीकडं सरकवल्या, तरी आरशात बघताना उजवी बाजू फुगलेलीच दिसली. साडेसातला स्टँडवरनं निपाणीची गाडी मिळाली. तिला खिडकी, यल्लाप्पा शेजारी, त्याच्या मांडीवर कापडी पिशवीत सगळं सामान. कंडक्टरनं तिला बायकांच्या फुकट प्रवासाचं शून्याचं तिकीट फाडून दिलं. काकती मागं पडली तशी तिला बरं वाटायला लागलं. बाहेर उसाच्या ट्रॉल्या दिसत होत्या. तिनं यल्लाप्पाला विचारलं, "नवरामुलगा काय करतोय म्हणाला?"

"गोकाकला कंपनीत हाय."

हत्तरगी ओलांडली आणि गाडी एका गतिरोधकावर दणकन उडाली. मुंगी चावली होती.

तिनं आधी पदर ओढून घेतला. मग तळहात दाबून धरला. चकती गरम झाली की चिकटते म्हणतात, म्हणून तिनं दहा मिनिटं हात तसाच ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिली. निखारा वाढत गेला. तळहाताखाली ओल आली.

"उतरा," ती म्हणाली.

"कुठं? अजून संकेश्वर यायचंय."

"मग संकेश्वरला उतरा. गळाय लागलंय."

"आत्ता सकाळी तर लावलीया!"

"मला काय विचारताय? तिलाच विचारा!" ती एवढ्या मोठ्यानं बोलली की पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्यानं वळून बघितलं. कंडक्टर ओरडला, "संकेश्वर, इळीरी, उतरा, उतरा!" आणि ती यल्लाप्पाच्या हातातली कापडी पिशवी ओढून घेऊन सगळ्यांच्या आधी उतरली.

स्टँडवरच्या बायकांच्या संडासाशी एक पोक्त बाई खुर्चीवर बसली होती. मनुबाई तिचं नाव, ते नंतर कळलं. रांगेत चार बायका होत्या. अंजनीला आता रांग वगैरे काही नको होती. ती मनुबाईपुढं जाऊन उभी राहिली आणि पदर जरा बाजूला केला.

"माझं पोटाचं ऑपरेशन झालंय. पिशवी लावलीया. ती फुटलीया. मला अर्धा तास आत लागणार, आन पाणी लागणार."

मनुबाईनं एकदा साडीकडं, एकदा तोंडाकडं बघितलं. मग उठली. "ए, तुमी समद्या तिकडच्या दोन दारांकडं जावा," असं रांगेला म्हणाली आणि टोकाचं दार उघडून दिलं. त्या कोपऱ्यात वर उंच जाळी होती आणि सकाळचं ऊन सरळ भिंतीवर पडलं होतं. मनुबाईनं भरलेली बादली आणली, दुसरी उपडी घालून बसायला दिली.

अंजनीनं चकती सोडवली. नुसत्या पाण्यानं धुतलं, सुती फडक्यानं टिपलं. घरच्या न्हाणीत मिणमिणता बल्ब होता आणि वरनं वाकून बघितलं की आतड्याच्या त्या लालसर तोंडाची वरची कडच दिसायची. इथं एवढा उजेड होता की तिला पहिल्यांदा वाटलं, खालनं बघावं.

"बाई, आरसा हाय का?"

मनुबाईकडं कुंकू लावायचा वीतभर दांडीचा गोल आरसा होता. तो तिनं काहीही न विचारता आणला, आणि अंजनीला दोन्ही हात लागताहेत हे बघून खाली वाकून स्वतःच धरला. आरशात ते तोंड दिसलं, चिकूएवढं. त्याच्या भोवती अर्ध्या बोटाच्या रुंदीचं लालभडक कडं, सोललेलं, ओलं. आणि त्या कड्याबाहेर जुन्या चकतीची खूण.

अंजनीनं कापडी पिशवीतनं नवी चकती काढली आणि न चिकटवता नुसती पोटावर धरली. भोकातनं तोंड दिसत होतं आणि तोंडाभोवती ते सगळंच्या सगळं लाल कडंही दिसत होतं. उघडं. वर झाकण नाही, काही नाही. म्हणजे बाहेर येणारं सगळं पाणी आधी त्या उघड्या कड्यावर साचत होतं आणि तिथनं चकतीखाली शिरत होतं. सहा महिने. रोज.

ती दाराकडं तोंड करून ओरडली, "अवं!"

"काय गं? झालं?" यल्लाप्पा बाहेर पाच हातांवर उभा होता.

"ही भोकं कुणी कापलीत?"

"कुणी म्हंजे? मीच की."

"कशावरनं?"

"कार्डावरनं. अगदी बरोबर कापलंय, एक सूत फरक न्हाय."

"कार्ड कधीचं?"

"दवाखान्यातलं. घरी सोडलं तवाचं."

"तवा सुजलं हुतं ते! आता निम्मं झालंय! चिकू हाय हितं, आन तुमी मोसंबीचं भोक पाडून ठेवलंय!"

बाहेर एक बाई फिसकन हसली. मग यल्लाप्पाचा आवाज आला, बारीक. "तसं कसं? कार्ड हाय की."

"कार्ड घाला चुलीत! न कापलेली पिशवी द्या मला एक."

"न्हाय."

"न्हाय म्हंजे?"

"सगळ्या कापलेल्या हायत. दहाच्या दहा."

अंजनीला हसावं की रडावं ते कळेना, म्हणून तिनं बादलीला लाथ मारली आणि पाणी मनुबाईच्या पायांवर सांडलं. मनुबाई म्हणाली, "असू दे. दुसरी आणते."

ती पाणी आणायला गेली तेवढ्यात अंजनीचा हात आपसूक कामाला लागला. ताण्याचे धागे एके ठिकाणी तुटून भोक पडलं तर माग थांबवून जोडच द्यायचा असतो, नवं कापड कुठनं आणणार? तिनं उरलेल्यांतली एक पिशवी घेतली, सामानातल्या कात्रीनं तिच्या चकतीच्या बारीक पट्ट्या कापल्या. चकती मेणासारखी असते. पट्टी बोटांत घोळवली की मऊ होते. एकेक पट्टी घोळवून ती आतड्याच्या तोंडाच्या कडेला बसवत गेली, एक, दोन, चार, पाच, सांधा राहू नये अशी एकमेकींवर जरा चढवून. लाल कडं दिसेनासं झालं. मनुबाई आरसा घेऊन वाकलेली. "ह्या बाजूला राहिलंय बघ. हं. आता झाकलं." मग वर नवी चकती लावून अंजनी तळहात दाबून पंधरा मिनिटं बसली.

बाहेर आली तेव्हा यल्लाप्पा रुमालानं चष्मा पुसत होता. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. मनुबाईच्या हातात पैसे ठेवायला गेली तर मनुबाई म्हणाली, "कार्याला निघालाय न्हवं? जावा लवकर. साडीचा काठ वाळंल वाऱ्यानं."

निपाणीत पोचेपर्यंत अंगठ्या घालून झाल्या होत्या. मालुबाई दारात म्हणाली, "आलीस वैनी!" आणि तिला खुर्ची शोधायला धावली. करिष्मा सगळ्यांदेखत उठून येऊन पाया पडली आणि उठता उठता गळ्यातच पडली, नेमकी उजव्या बाजूनं. अंजनीचा हात चकतीकडं गेला. काही झालं नाही. ती जेवली. श्रीखंड नको म्हणाली, पुरी घेतली. दर पाच मिनिटांनी तिचा हात पदराआड जाऊन चकतीची कड चाचपून येई. कड कोरडी होती. संध्याकाळी बेळगावला स्टँडवर उतरली तेव्हाही कोरडी होती. एवढ्या तासांत तिला आनंद झाला नाही, राग मात्र वाढत गेला. सहा महिने! तिनं सोडलेलं ताक, सोडलेली डाळ, रात्रंदिवसाची आग, मागाच्या रुळाशी वाकताना चावलेले ओठ, हे सगळं एका गोल कागदापायी.

दोन दिवस ती यल्लाप्पाशी कामापुरतंही बोलली नाही. त्यानंही माग चालवला, जेवला, उठला. रविवारी जेवण झाल्यावर तो सवयीनं हात धुवून चष्मा लावून बसला, आणि मग कापायला काही नाही हे लक्षात येऊन तसाच बसून राहिला. अंजनी भांडी विसळत होती.

"मला तुझ्या दुखण्यातलं काय कळत न्हवतं," तो भिंतीकडं बघत म्हणाला. "डॉक्टर काय म्हणतोय ते कळत न्हवतं. तू वरडायचीस तवा काय करायचं कळत न्हवतं. एवढं एक काम माझ्या हातात हुतं. म्हणून ते बरोबर करत हुतो."

अंजनीनं नळ बंद केला. तिला त्याच्यावर आणखी ओरडायचं होतं, तिच्याकडं अजून पुष्कळ साठलेलं होतं. पण ती एवढंच म्हणाली, "उद्या दवाखान्यात चला. डॉक्टरकडं न्हाय. त्या पट्टी-पिशवीवाल्या सिस्टरकडं."

ती सिस्टर, आरोही नावाची, आठवड्यातनं दोनदाच येई. अंजनीनं तिला येता-जाता बघितलं होतं, पण तिच्याकडं जायला त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तिनं गोल भोकांची पट्टी लावून माप घेतलं. सव्वीस मिलिमीटर. मग यल्लाप्पाचं कार्ड हातात घेतलं. चाळीस. तिनं कार्ड उलटं केलं. मागच्या बाजूला बारीक इंग्रजीत काहीतरी छापलं होतं, लॅमिनेशनमधनं चकचकत होतं.

"इथं लिहिलंय की," आरोही म्हणाली. "पहिले दोन महिने दर आठवड्याला नव्यानं माप घ्या."

"आमाला इंग्लिश येत न्हाय," यल्लाप्पा म्हणाला.

"मग सांगायला पाहिजे होतं तुम्हाला कुणीतरी," आरोही म्हणाली, आणि तिच्या तोंडावर जो वैताग आला तो बघून अंजनीला सहा महिन्यांत पहिल्यांदा वाटलं, आपल्या बाजूनं कुणीतरी चिडलं आहे. आरोहीनं सोललेल्या जागेवर टाकायची पावडर दिली, तेल-साबण बंद केलं, पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, अर्धी भरायची वाट बघायची नाही असं बजावलं, आणि संकेश्वरच्या पट्ट्यांची गोष्ट ऐकून म्हणाली, "बरं सुचलं तुम्हाला."

नवं भोक अंजनीनं स्वतः कापलं, जरा वाकडंच. पहिली पिशवी तीन दिवस टिकली. दुसरी दोनच दिवसांत गळाली, कारण कातडी अजून ओली होती, आणि अंजनी न्हाणीत उभी राहून सगळ्या जगाला शिव्या देत रडली. तिसरी चार दिवस टिकली. महिन्याभरात लाल कडं गुलाबी झालं, मग कातडीच्या रंगाचं. नागुबाईनं गल्लीत सांगितलं, ताक सोडल्याचा गुण आला. अंजनीनं त्याच दिवशी तिच्यासमोर पेलाभर ताक पिऊन दाखवलं.

आतडं आत घालायचं ऑपरेशन मात्र पुढं गेलं. रक्त कमी निघालं, डॉक्टर म्हणाले, अजून दोन महिने, थोडेच दिवस. अंजनीनं बाहेर येऊन दवाखान्याच्या बाकावर दोन मिनिटं डोळे मिटून घेतले, मग उठली आणि घरी येऊन माग चालू केला.

पिशवी आता गळते म्हणून नव्हे, तर पाचवा दिवस आला म्हणून बदलायची. सकाळी उठल्या उठल्या, पोट रिकामं असताना, चहाच्या आधी. न्हाणीतला मिणमिणता बल्ब काही बदलला नव्हता, म्हणून यल्लाप्पा मोबाईलची बॅटरी लावून दाराशी वाकून उभा राही, आणि त्या दिवशीही अर्धवट झोपेत त्यानं ती अंजनीच्या तोंडावरच धरली.

"अवं, डोळ्यात काय मारताय!" ती ओरडली. "पोटावर धरा, पोटावर!"